काळू जातो कुठून: म्हार्दोळजवळच्या एका परसाची हकीकत

तांबू गेला तो जानेवारीतल्या एका पहाटे. पोदेर, म्हणजे पाववाला, फाटकाशी आला आणि भोंपू न वाजवता खालच्या आवाजात म्हणाला, "वयनी, रस्त्यार एक तांबडें माजर पडलां. तुमचें न्हय मूं?" आमचंच होतं. फोंडा-पणजी महामार्ग आमच्या घरापासून चालत तीन मिनिटांवर आहे आणि त्यावर रात्रभर ट्रक चालू असतात. तीन वर्षं तांबू रोज संध्याकाळी भिंतीवरून जायचा आणि सकाळी चहाच्या वेळेला परत यायचा. त्यामुळे त्याला रस्ता कळतो असं आम्ही धरून चाललो होतो. ती आमची चूक होती आणि तिची किंमत त्याने मोजली.

मागे राहिली मनी आणि काळू. मनी चार वर्षांची, काळू दीड वर्षाचा बोका. दोघांची नसबंदी झालेली होती आणि लसी वेळच्या वेळी दिलेल्या होत्या. त्यांना कायमचं घरात कोंडायचं मला पटत नव्हतं, सासूबाईंना तर मुळीच नाही. "मांजर घरात डांबलं तर ते भिंतीकडे तोंड करून बसतं. परस कशाला आहे मग?" असं त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यातून आमचा बेत ठरला: मांजरं मोकळीच ठेवायची आणि परस बंद करायचं.

हे सगळं लिहून ठेवते आहे, कारण वर्षभरात ओळखीच्या तीन घरांनी याबद्दल विचारलं आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता: भिंत किती उंच केली? आम्हीही उंचीपासूनच सुरुवात केली होती आणि तिथेच आमचे दोन महिने गेले.

आधी जागा सांगते. घर कौलारू, मागे न्हाणीघर आणि लाकडं ठेवायची पडवी. परसात पाच माड, एक फणस, एक आंबा, सासूबाईंची फुलझाडं आणि भाजीचे दोन वाफे. दोन बाजूंना पाच फुटांची चिऱ्यांची भिंत आहे. त्यातली एक शेजारच्या काकांबरोबर सामायिक. मागची बाजू कुळागराला, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेला, लागून आहे आणि तिथे फक्त रचलेल्या दगडांचा कमरेएवढा जुना गडगा आणि काटक्यांची वई. कुळागरातून नाग, घोणस, मण्यार यायची भीती कायमची. पलीकडच्या वाडीत उंदरांसाठी औषध घालतात, ते खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष मांजराच्याही पोटात जातं. म्हणजे धोका नुसत्या महामार्गाचा नव्हता.

फेब्रुवारीत गवंड्याला बोलावून भिंतीवर दोन फूट सरळ वेल्डमेश जाळी उभी केली. पाच फूट भिंत आणि दोन फूट जाळी, एकूण सात. धडधाकट मांजर उभ्या जागेवरून पाच-सहा फूट उडतं हे ऐकलेलं होतं, तेव्हा सात पुरतील असा हिशेब. काळू दिवसभर पडवीत बसून काम बघत होता. त्याच रात्री तो बाहेर होता.

मांजर भिंत उडून पार करत नाही, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. ते उडी मारतं, पुढच्या पंज्यांनी कुठेतरी पकड घेतं, मागचे पाय रोवतं आणि अंग वर ओढतं. आपला चिरा म्हणजे भोकाभोकांचा, खडबडीत दगड. नख्यांना प्रत्येक बोटभर अंतरावर आधार मिळतो. त्यावर ताठ बसवलेली जाळी म्हणजे शिडीला जोडलेली दुसरी शिडी. आणखी चार फूट वाढवली असती तरी त्याने चार पावलं जास्त टाकली असती, एवढाच फरक.

याच काळात सल्ले बरेच आले. भिंतीवर काचा लावा, असं दोघांनी सांगितलं. मांजर काचांमधून पाय टाकत चालतं, आणि घाईत उतरलं तर पंजा फाटतो. ग्रीस फासा, असंही कुणी म्हणालं. पण अंगाला लागलेलं काहीही मांजर चाटून काढतं, म्हणजे ते ग्रीस पोटात जाणार. विजेच्या तारेचा विषय सासूबाईंनी पहिल्या वाक्यातच बंद केला. दुखापतीच्या भीतीवर उभं राहणारं कुंपण मला नको होतं. प्रयत्न फसला तर मांजर आहे तिथेच परत, चारी पायांवर उतरावं, एवढंच हवं होतं.

मग एक साधा उपाय केला. संध्याकाळी भिंतीच्या माथ्यावर, पडवीच्या कौलांवर आणि फणसाच्या खालच्या फांदीवर तांदळाचं पीठ चाळणीने भुरभुरवलं. सकाळी मुंग्या आलेल्या होत्या, पण पंज्यांचे ठसे स्पष्ट होते. पाच दिवस रोज असं केलं आणि वहीत परसाचा नकाशा काढून वाटा मांडल्या. काळूची भिंतीवरची वाट खरी तर दुय्यम निघाली. पाचपैकी तीन रात्री तो लाकडांच्या राशीवरून न्हाणीघराच्या कौलांवर, तिथून काकांच्या आंब्याच्या फांदीवर आणि पलीकडे गेला होता. आम्ही भिंतीकडे बघत बसलो होतो आणि तो छपरावरून जात होता. मनीचे ठसे मात्र एकाच जागी होते, मागच्या गडग्यावर. दोन मांजरांच्या दोन वेगळ्या वाटा. कुणालाही मी आता हेच सांगते, की जाळी विकत आणण्याआधी आठवडाभर पीठ टाकून बघा. खर्च दोन वाट्या पिठाचा.

छपराचं काम स्वस्तात झालं. लाकडांची रास, पाण्याचं पिंप आणि जुनी बाकं भिंतीपासून व पडवीपासून पाच फूट आत ओढली. काकांनी आंब्याची ती फांदी छाटू दिली. पडवीची वळचण मात्र साडेपाच फुटांवरच आहे, म्हणजे जमिनीवरूनही तिथे उडी बसते. तिथे कौलांखालून दोन फूट बाहेर येणारी, जरा खाली झुकलेली जाळी बसवली. वर उडालेलं मांजर तिच्या खालच्या बाजूला येऊन थडकतं आणि उतरतं.

मागची बाजू ही आमची सगळ्यात वाईट चूक. गडगा पाडायचा नव्हता, नवीन भिंतीला पैसे नव्हते. नात्यातला एक मुलगा मालीमच्या जेटीवर काम करतो, त्याने मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं आणून दिलं. बांबू रोवून ते माथ्यापासून जमिनीपर्यंत सोडलं. दिसायला छान, वारा खेळता, फुकट. मनी दोन-तीनदा चढायला गेली, पण सैल जाळं अंगाखाली हलतं आणि हलणाऱ्या गोष्टीवर मांजराला भरवसा नसतो. ती उतरली आणि आम्ही खूश झालो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या जोरदार पावसानंतर, जाळ्याच्या तळाशी एक धामण अडकलेली सापडली. सहा फुटांहून लांब. सापाची खवलं मागच्या दिशेला असतात, त्यामुळे बारीक दोऱ्याच्या जाळ्यात तोंड घातलं की त्याला मागे येता येत नाही. पुढे रेटेल तेवढा दोरा आत रुततो. ती रात्रभर झटत असावी. गावातल्या सर्पमित्राने येऊन कात्रीने एकेक दोरा कापला. तिच्या मानेखाली तीन ठिकाणी कापलं होतं. जिवंत होती, कुळागरात गेली. धामण बिनविषारी, वाडीतले उंदीर खाणारी, म्हणजे आम्हालाच हवी असलेली. तिला आमच्या कुंपणाने त्या अवस्थेत आणलं, हे मला अजून बोचतं. जाळं त्याच दुपारी उतरवून कापून टाकलं. कुळागर, शेत किंवा रान ज्यांच्या मागे आहे त्यांनी जमिनीलगत सैल नायलॉन लावू नये. साप अडकतात आणि रात्री वटवाघळंही.

पावसाळाभर मांजरं घरात आणि पडवीत राहिली. त्या चार महिन्यांत आम्ही घाई सोडली आणि नीट आखणी केली. चवथ, म्हणजे गणपती, झाल्यावर फोंड्याच्या वेल्डरला बोलावलं.

आता जे उभं आहे ते असं. मागच्या बाजूला गडग्याच्या आत आमच्याच जमिनीत दर सहा फुटांवर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपचे खांब, तळाला काँक्रीट. जमिनीपासून तीन फूट ताठ वेल्डमेश, दोन इंची चौकोनाची. मोठ्या मांजराला ती पुरते. घरात पिल्लं असतील तर एक इंची घ्यावी, कारण दोन इंचांतून लहान पिल्लू निसटतं. साप त्यातून सरळ जातो किंवा कडेने वळतो, गुंतत नाही. जाळीचा तळ वीतभर मातीत पुरला आहे. मांजर कुत्र्यासारखं खणत नाही, पण पावसाने माती वाहिली की खाली फट पडते आणि फटीतून डोकं गेलं की बहुधा अंगही जातं. तीन फुटांच्या वर प्लास्टिकचा थर दिलेली तारेची जाळी, साडेसहा फुटांपर्यंत. आणि माथ्यावर सगळ्यात महत्त्वाचा भाग: प्रत्येक खांबाला आतल्या बाजूला वळलेला दोन फुटांचा हात, त्यावर तीच जाळी मुद्दाम ढिली सोडलेली.

सगळी मदार या हातावर आहे. मांजराच्या नख्या मागे वळलेल्या असतात, म्हणून सरळ चढणं त्याला सोपं जातं. पण डोक्यावर आलेल्या जाळीला उलटं लटकून तिच्या मोकळ्या कडेपर्यंत जाणं त्याला जमत नाही, त्यात जाळी लवत असली तर तो प्रयत्न अर्ध्यातच सोडतं. काळू पहिल्या आठवड्यात सातआठ वेळा चढला, छपराखाली आल्यासारखा वर बघत थांबला आणि उतरला. त्यानंतर चढणंच सोडलं.

चिऱ्याच्या भिंतीवर हेच हात बसवताना वेगळी अडचण आली. वेल्डरने नेहमीच्या सवयीने अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट, ठोकले. काँक्रीटमध्ये ते घट्ट धरतात. चिऱ्यात फुगले की दगडच भुगा होऊन सुटतो. ऑक्टोबरच्या शेवटी विजांसह वादळी पाऊस आला आणि तीन हात खाली लोंबले. मग रस्त्याच्या बाजूला भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग थर (कॉपिंग) ओतून त्यात हात रोवले. काकांच्या बाजूला तसं करता येईना, कारण भिंत दोघांची. आरपार बोल्ट घातले असते तर नट त्यांच्या अंगणात दिसले असते. काका शांतपणे म्हणाले, "तुमची माजरां म्हाका जाय, पूण लोखंड नाका." म्हणजे मांजरं हवीत, लोखंड नको. शेवटी त्या बाजूलाही आमच्या जमिनीत खांब उभे केले, भिंतीला हात न लावता. खर्च वाढला, पण शेजार राहिला. सामायिक भिंत असेल तर काम सुरू करण्याआधी शेजाऱ्याला हाताने आराखडा काढून दाखवावा आणि पंचायतीतही विचारून घ्यावं. आम्ही दोन्ही केलं, त्यामुळे नंतर कुणी काही बोललं नाही.

झाडांचं गणित मला सगळ्यात रंजक वाटलं. फणस आणि दोन माड कुंपणाच्या जवळ आहेत. माडावर उंदीर चढू नयेत म्हणून खोडाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा मारण्याची जुनी रीत आहे. तीच मांजरासाठी वापरली, दोन फूट रुंद पट्टा, जमिनीपासून पाच फुटांवर सुरू होणारा. माडाचं खोड एकदा तयार झालं की जाड होत नाही, त्यामुळे पट्टा कायम राहिला तरी झाडाला काचत नाही. फणस आणि आंब्याचं तसं नाही. त्यांचं खोड दरवर्षी वाढतं आणि घट्ट पट्टा सालीत रुतून झाडाचा गळा आवळतो. म्हणून फणसाच्या पट्ट्याची टोकं स्प्रिंगने जोडली आहेत आणि दर मेमध्ये ढिली करायची असं वहीत लिहिलं आहे.

माडाच्या बाबतीत जे सुचलं नव्हतं ते पाडेलीने सुचवलं. नारळ पाडायला आला, पट्टा बघितला आणि चढायला नकार दिला. बरोबरच होतं त्याचं. गुळगुळीत पत्र्यावर पाय ठरत नाही, आणि पडला तर माणूस जातो. आता माडाचे पट्टे बिजागरी आणि खिट्टीचे आहेत; तो यायच्या आदल्या दिवशी आम्ही काढतो आणि त्या दिवशी मांजरं घरात. झावळ्या पडून वरची जाळी फाटते हेही त्यानेच दाखवलं. सुकत आलेल्या झावळ्या तो आता दर खेपेला आधीच उतरवून देतो.

पाण्याच्या वाटेची गोष्ट थोडक्यात. भिंतीतून पागोळ्यांचं पाणी बाहेर जायला जे भोक होतं, त्याला जाळी लावली. पानं अडकली आणि एका रात्रीत भाजीचे वाफे पाण्याखाली गेले. जाळी काढून तिथे दीड इंचाच्या अंतराने उभ्या सळया बसवल्या. पानं निघून जातात, मांजर जात नाही.

बंद परसाचा एक परिणाम कुणी आधी सांगितला नव्हता. बाहेर जायला मिळत नाही म्हटल्यावर मांजर आहे त्याच जागेतल्या वनस्पती चावायला लागतं. सासूबाईंची पूजेची कण्हेर, लाल आणि पिवळी दोन्ही, विषारी. कुंडीतला सायकसही विषारी. सासूबाईंनी स्वतः कण्हेरीच्या फांद्या तोडून पुढच्या अंगणात, कुंपणाबाहेर लावल्या. परसात दूर्वांचा मोठा वाफा केला. मनी रोज सकाळी तिथे बसून चावते, आणि गणपतीला लागतात तेवढ्या दूर्वा तरीही उरतात. भाजीच्या वाफ्यावर जाळी घातली, कारण मोकळी माती दिसली की मांजर तिथेच विधी उरकतं. त्यांच्यासाठी पडवीखाली वाळूचा वेगळा कोपरा केला, तो रोज साफ करायचा. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण गरोदरपणात बाळाला बाधू शकते. त्याचे जंतू विष्ठेत असले तरी ते लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मधल्या जाऊबाई तेव्हा गरोदर होत्या, म्हणून हे काम त्यांच्यापासून लांब ठेवलं आणि मी हातमोजे घालून केलं.

नोव्हेंबरात एका पहाटे भयानक किंचाळ्या ऐकू आल्या. गावातला एक मोठा बोका काकांच्या भिंतीवरून आत उतरला होता. बाहेरून आत येणं सोपं, कारण हात आतल्या बाजूला वळलेले. परत जाणं त्यालाही अशक्य. काळू त्या वेळी चुकून परसातच राहिला होता. त्याच्या पाठीवर दोन चावे. मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा एफआयव्ही हा विषाणू मुख्यतः अशा चाव्यांतूनच पसरतो. शिवाय गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला असला, तरी परक्या जनावराचा चावा हलक्यात घेण्यासारखा नसतो. डॉक्टरांनी जखमा धुतल्या, रेबीजच्या लसीचा जादा डोस दिला, गळू होईल म्हणून पाच दिवसांनी परत बोलावलं. गळू झालंच. त्या बोक्याला आम्ही पिंजऱ्यात पकडून नसबंदी आणि लस करून सोडलं. तोही कुणाचा तरी असेल, किंवा कुणाचाच नसेल.

तेव्हापासून नियम आहे. संध्याकाळी सातला जेवणाची ताटली वाजते, दोघंही घरात येतात, परसाचं दार बंद होतं. मग मागच्या फाटकातली वीतभर रुंदीची खिडकी उघडायची, म्हणजे रात्री कुणी आत उतरलं तर त्याला बाहेर पडायची वाट असते. सकाळी ती लावून, परसात एक फेरी मारून मगच मांजरं सोडायची. कुळागरांच्या पट्ट्यात बिबट्या फिरतो, आणि साडेसहा फुटांची जाळी त्याला अडवणारी नाही. त्यासाठीही रात्र घरातलीच बरी.

पहिल्यांदा परसात सोडतानाही आम्ही घाई केली नाही. उपाशीपोटी, जेवणाआधी वीस मिनिटं, मी स्वतः बाकावर बसलेली. दोन आठवड्यांनी तासभर, मग दिवसभर. मधोमध, कुंपणापासून लांब, आंब्याला टेकून तीन फळ्या बसवल्या, सगळ्यात वरची साडेपाच फुटांवर. मांजराला उंचावरून बघायला मिळालं की त्याचं निम्मं काम झालेलं असतं. काळू तिथे बसून शेपटी हलवत दयाळ पक्ष्याकडे बघत असतो. परसातले सरडे त्याने कमी केले आहेत हे खरं. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. दोघांच्या गळ्यात ओढ बसताच सुटणारा पट्टा आहे आणि त्यावर आमचा फोन नंबर.

या वर्षीच्या पावसाळ्यात दोनदा निसटणं झालं, दोन्ही वेळा काळूच, दोन्ही वेळा नैऋत्येच्या कोपऱ्यातून. पीठ परत टाकलं. कुळागरातून आलेला एक वेल जाळीवर चढून वरच्या हातावर पसरला होता. त्याच्या वजनाने आणि गाठींनी ढिली जाळी ताठ झाली आणि काळूला लटकायला वेलाची दोरी मिळाली. जुलैत वेल हातभर वाढायला आठवडाही लागत नाही. तेव्हापासून दर शनिवारी कोयता घेऊन मी चारी बाजूंनी फिरते: वेल, गंजलेले टाके, मातीची फट, पडलेली झावळी. परवा कोपऱ्यातला वेल मुळापासून उपटला, तेव्हा काळू खाली दूर्वांत बसून माझ्या हातांकडे बघत होता. संध्याकाळी मी कोपऱ्यातल्या कुंपणाच्या हातावर परत पीठ भुरभुरवून ठेवलं.